उरलेले साडेतेवीस तास

मधुमेह झालेल्या प्रौढ माणसाचा दिवस इतरांप्रमाणेच चोवीस तासांचा असतो, हे विधान वरकरणी निर्विवाद वाटत असले तरी महाराष्ट्रातील मधुमेहींच्या प्रत्यक्ष वर्तनाचे निरीक्षण केल्यास ते फारसे टिकत नाही. या वर्गाच्या हिशेबी दिवस अर्ध्या तासाचाच असतो. सकाळी सहा ते साडेसहा या वेळात पायांत पांढरे बूट चढवून जे चालणे होते तेवढेच आजाराच्या खाती मांडले जाते, आणि उरलेले साडेतेवीस तास ही खासगी मालमत्ता समजली जाते, जिच्यात डॉक्टर, पत्नी, सून किंवा मनगटावरचे घड्याळ यांपैकी कोणीही ढवळाढवळ करू नये अशी अपेक्षा असते. अडचण एवढीच आहे की ही वाटणी रक्तातल्या साखरेला कोणी कळवलेली नाही.

वैद्यकशास्त्राने मात्र अलीकडे या साडेतेवीस तासांत नाक खुपसण्यास सुरुवात केली आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आणि मधुमेहाचा अभ्यास करणारी युरोपीय संघटना यांनी २०२२ साली मिळून जे सहमतीपत्र प्रसिद्ध केले, त्यात टाइप-२ मधुमेहाच्या, म्हणजे इन्सुलिन शरीरात तयार होत असूनही पुरेसे किंवा नीट उपयोगी पडत नाही अशा मधुमेहाच्या, उपचारांत बसणे, पावले टाकणे, घाम काढणारे श्रम, स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि झोप अशा पाच गोष्टींचा चोवीस तासांच्या चौकटीत एकत्र विचार केलेला आहे. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यामुळे ही चौकट किती घरांना लागू पडते हे वेगळे सांगायला नको. त्या पाहणीत २६.४ टक्के प्रमाणाने गोवा देशात पहिला आला. त्याचे खापर तिथल्या दुपारच्या झोपेवर फोडण्याचा मोह पुणेकरांनी तरी आवरावा, कारण दुपारी एक ते चार या वेळेचा इतिहास दोन्हीकडे सारखाच नाजूक आहे.

बसणे आणि झोपणे यांच्याकडे संशयाने पाहण्याची कल्पना पाश्चात्त्यांनी काल-परवा काढली असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांची चरकाने आधीच पंचाईत करून ठेवली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाची, म्हणजे ज्या विकारसमूहात मधुमेहाची गणना होते त्याची, कारणे सांगताना बसण्याचे सुख आणि झोपेचे सुख ही दोन नावे अगदी आरंभी येतात. दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ त्यांच्या मागून येतात. साखर वर्ज्य म्हणून गुळाचा चहा निर्धास्तपणे पिणाऱ्या आणि तो खुर्चीत बसून पिणाऱ्या गृहस्थाने एकाच घोटात यादीतील किती कलमांचा भंग केला, याचा हिशेब त्याने स्वतः करावा.

सुश्रुताने यापुढे जाऊन उपचार सांगितले आणि तेही रोग्याची ऐपत पाहून सांगितले. ज्याच्याजवळ पैसा नाही किंवा आप्त नाहीत त्याने पायांत काही न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षेवर निर्वाह करीत आणि कोणत्याही गावी एका रात्रीपेक्षा अधिक न राहता शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. ज्याच्याजवळ भरपूर पैसा आहे त्याने सावे आणि रानभात खाऊन हरणांच्या सहवासात राहावे. उरलेल्यांनी सतत शेत नांगरावे किंवा विहीर खणावी. योजनाच्या मापाविषयी अभ्यासकांत एकमत नसले तरी शंभर योजने म्हणजे आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वारीच्या कितीतरी पट अंतर होते, याविषयी वाद नाही. आजचा डॉक्टर ‘रोज तीस मिनिटे चाला’ असे म्हणतो तेव्हा रोग्याच्या चेहऱ्यावर जे दुःख पसरते ते पाहता, सुश्रुताच्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे कसे असतील याची कल्पनाच केलेली बरी. या उपचारातील अनवाणी चालण्याचा भाग मात्र आज कोणीही अमलात आणू नये. मधुमेहात पायांच्या नसा बधिर होऊन रुतलेला खडाही कळेनासा होतो, आणि न कळलेल्या जखमेचे रूपांतर पुढे कशात होते हे शल्यचिकित्सकांना पुरते ठाऊक आहे.

आता ज्या अर्ध्या तासाला एवढे मोल दिले जाते त्याची तपासणी करणे क्रमप्राप्त ठरते. मधुमेहींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा आणि सलग दोन दिवसांहून अधिक खाडा करू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. आठवड्यात १०,०८० मिनिटे असतात. त्यांपैकी दीडशे म्हणजे जेमतेम दीड टक्का. एकादशीच्या उपवासाने पंधरवड्याच्या खाण्याची भरपाई होते असे मानणाऱ्या समाजात दीड टक्क्यावर साडेअठ्ठ्याण्णव टक्के तोलून धरण्याची ही कल्पना लोकप्रिय व्हावी, यात आश्चर्य काहीच नाही.

मध्यम तीव्रता ओळखण्याची सोपी कसोटी अशी की चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. सारसबाग, तळजाई किंवा दादरच्या शिवाजी पार्कचा फेरा येथे पहाटे जमणारे गट या कसोटीचा पूर्वार्ध विलक्षण निष्ठेने पाळतात. गाण्याचा प्रश्न त्यांच्या बाबतीत उद्भवत नाही. मात्र बोलण्याच्या ओघात त्यांचे चालणे कोणत्या क्षणी संपते हे अभ्यासण्यासारखे आहे. हवापाणी, गुडघे आणि परगावी असलेली मुले या विषयांवर गट सरळ रेषेत पुढे सरकतो. महानगरपालिकेचा विषय निघाला की वेग मंदावतो. आणि विधानसभेचा निघाला की मुख्य वक्ता जागीच थांबून श्रोत्यांकडे वळतो, कारण महत्त्वाचा मुद्दा चालता चालता मांडणे हे त्या मुद्द्याला कमीपणा आणणारे आहे अशी मराठी माणसाची दृढ समजूत असते. वक्ता थांबला म्हणून श्रोतेही थांबतात, मागून येणारा गट रस्ता अडला म्हणून थांबतो आणि मग चर्चेत सामील होतो. अशा रीतीने तीस मिनिटांच्या चालण्यात प्रत्यक्ष चालणे पंधरा मिनिटे आणि उभ्याने घेतलेले अधिवेशन पंधरा मिनिटे, असा निकाल लागतो. त्यानंतर कोपऱ्यावरच्या टपरीकडे जो मोर्चा वळतो त्याचा वेग मात्र निःसंशय मध्यम तीव्रतेच्या वरचा असतो. अर्धा तास खरोखर भरभर चालल्यास दीडशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, आणि एका वडापावात त्याच्या जवळपास दुप्पट मिळतात. या व्यवहारात तोटा कोणाला झाला हे उघड असले तरी ‘चालून आलो’ या दोन शब्दांचे कवच एवढे भक्कम असते की घरात त्याविषयी प्रश्न विचारण्याची सोय राहत नाही.

संशोधकांनाही या कवचाचा अनुभव आहे. लोकांना प्रश्नावली देऊन ‘गेल्या सात दिवसांत किती चाललात आणि किती बसलात’ असे विचारले असता चालण्याचा आकडा फुगतो आणि बसण्याचा आटतो, असे वारंवार दिसून आल्याने अभ्यासक आता कमरेला, मांडीला किंवा मनगटाला हालचाल मोजणारे यंत्र बांधतात. मनगटावरील यंत्राचीही मराठी माणसाने परीक्षा घेतलीच आहे, कारण ते हाताच्या हालचालीवरून पावलांचा अंदाज बांधते आणि त्यामुळे भजनात टाळ वाजवणाऱ्या किंवा सोसायटीच्या सभेत हातवारे करणाऱ्या सभासदाच्या नावावर बसल्या जागी काही पावले जमा होण्याची शक्यता असते. ज्या दहा हजार पावलांच्या आकड्यासाठी हा खटाटोप चालतो तोही प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावले मोजणारे जे यंत्र बाजारात आणले त्याच्या नावातच दहा हजार पावले होती. वर उल्लेखिलेल्या सहमतीपत्रातला आकडा याहून पुष्कळ नम्र आहे: दिवसाला आणखी ५०० पावले टाकणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका २ ते ९ टक्क्यांनी कमी आढळतो, असे त्यात नोंदलेले आहे. पाचशे पावले म्हणजे वाण्याच्या दुकानापर्यंत एकदा जाऊन येणे. परंतु दहा मिनिटांत कोथिंबीर दारात आणून देणाऱ्या सेवांमुळे ती पावले हल्ली दुसऱ्याच्याच नावावर जमा होतात.

बसण्याच्या शास्त्राचा आरंभ लंडनच्या दुमजली बसमध्ये झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिले की दिवसभर बसून बस हाकणाऱ्या चालकांपेक्षा त्याच बसच्या जिन्यावरून तिकिटे फाडत वर-खाली करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. तीन वर्षांनी याच मंडळींनी गणवेशाच्या नोंदी तपासल्या आणि चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा अधिक असल्याचे आढळले. यावर, मुळात रुंद माणसेच चालकाच्या जागी बसत असतील की काय, अशी शंका रास्तपणे काढली गेली. पण शिंप्याच्या टेपेने वैद्यकशास्त्रात एवढे मानाचे स्थान मिळवल्याचे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही.

बसल्याने नेमके काय बिघडते हे समजण्यासाठी स्नायूंकडे पाहावे लागते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा शरीरातील स्नायू उचलतात, आणि त्यासाठी ग्लूट-४ नावाचे वाहक प्रथिन पेशीच्या आतून तिच्या पृष्ठभागावर यावे लागते. हे प्रथिन एरवी इन्सुलिनच्या निरोपाची वाट पाहत आत बसून राहते आणि टाइप-२ मधुमेहात निरोप पोचूनही तो मनावर घेतला जात नाही. परंतु स्नायू आकुंचन पावला, की इन्सुलिनच्या शिफारशीवाचूनच हे प्रथिन पृष्ठभागावर येते आणि साखर आत घेते. सरकारी कार्यालयांच्या अनुभवावरून ज्यांचा शिफारशीवाचून काही होते यावर विश्वास उरलेला नाही, त्यांनी ही एक नोंद आवर्जून लक्षात ठेवावी. मेलबर्नमध्ये टाइप-२ मधुमेह असलेल्या २४ प्रौढांना आठ तास बसवून ठेवण्यात आले; एका दिवशी अखंड बसवले, तर इतर दिवशी दर अर्ध्या तासाला तीन मिनिटे सावकाश चालायला किंवा टाचा उचलणे, अर्ध्या बैठका यांसारखे साधे व्यायाम करायला लावले. उठबस केलेल्या दिवशी जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन ही दोन्ही स्पष्टपणे कमी राहिली, आणि त्यावरचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. शाळेत शिक्षा म्हणून ज्या उठाबशा काढाव्या लागत त्यांना उतारवयात उपचाराचा दर्जा मिळाला आहे, हे पाहण्यास ते गुरुजी असायला हवे होते.

हे सारे अमलात आणण्यात खरा अडथळा मराठी घरातल्या हालचालींच्या वाटपाचा आहे आणि त्याकडे संशोधकांचे असावे तितके लक्ष गेलेले नाही. सर्वसाधारण घरात मधुमेह एका व्यक्तीला असतो आणि हालचाल दुसऱ्या व्यक्तीच्या वाट्याला येते. दिवाणखान्यातील ठरलेल्या खुर्चीत बसलेला गृहस्थ ‘जरा पाणी आणतेस का’ असे म्हणतो तेव्हा तहान त्याची असते, आकुंचन पावणारे स्नायू मात्र पत्नीचे असतात. दाराची घंटा वाजल्यावर ‘अगं, बघ कोण आहे’ असे जे सांगितले जाते त्यात आलेल्या पाहुण्याचा लाभ दोघांना आणि पावलांचा लाभ एकीलाच होतो. चष्मा, वर्तमानपत्र, पंख्याचे बटण, मोबाइलचा चार्जर आणि खुद्द मधुमेहाची गोळी या सर्व वस्तू त्या खुर्चीपाशी आपोआप पोचत असल्याने तो दिवसाकाठी किती उठण्यांना मुकतो याची मोजदाद व्हायला हवी. तीच पत्नी मधुमेही असेल तर चित्र उलटे होत नाही. ती पूर्वीप्रमाणेच पाणी आणते आणि शिवाय ‘तू चालायला जात नाहीस’ हा ठपकाही झेलते. घरकामाने बसणे मोडते, हे खरे असले तरी ओट्यापाशी तासन् तास उभे राहणे म्हणजे दम लागेल असे चालणे नव्हे, त्यामुळे तिला अर्धा तास मोकळा करून देणे हे कुटुंबातील इतरांचे काम ठरते. गृहस्थाने पाणी स्वतः आणले तर दोन्ही प्रश्न एकाच फेरीत सुटू लागतात, परंतु एवढा क्रांतिकारक उपाय सुचवण्याचे धाडस सहमतीपत्रांनाही झालेले दिसत नाही.

‘पण माझे पोट कुठे सुटले आहे’ हा यावरचा नेहमीचा बचाव असतो. त्याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचेच छायाचित्र छापून देऊन ठेवले आहे. त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या तुलनेने बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबी बाळगून आणि स्नायू गमावून असतो हे जगापुढे आणले. साखर उचलायची ती स्नायूंनीच, आणि तेच कमी, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा तत्सम जोर लावण्याचा सल्ला दिला जातो. तो ऐकून साठीचे गृहस्थ ‘आता काय पैलवान व्हायचे आहे का’ असे विचारतात. पिशवीतला पाच किलोचा तांदूळ तिसऱ्या मजल्यावर नेण्याइतका पैलवानपणा तूर्त पुरे आहे.

एका बाबतीत मात्र परंपरेला पूर्ण गुण द्यावे लागतात. रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली ही मराठी घरातली जुनी रीत होती, आणि न्यूझीलंडमधील संशोधकांनी २०१६ साली ४१ मधुमेहींवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की दिवसात केव्हातरी एकदम तीस मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालल्यास जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी आणि रात्रीच्या जेवणानंतरची २२ टक्क्यांनी कमी राहते. येथे पूर्वजांचा गौरव करणारे पत्र वर्तमानपत्राला लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात: शंभर पावले एका मिनिटात संपतात आणि प्रयोगातली पावले त्याच्या दहापट तरी होती, आणि आजची शतपावली जेवणाच्या टेबलापासून दूरदर्शन संचापर्यंतच्या सात-आठ पावलांत आटोपली जाते. दुपारच्या जेवणानंतरच्या वामकुक्षीला शतपावलीच्या आधीचे स्थान देण्याची जी सुधारणा लोकांनी परस्पर केली आहे तिला तर कोणत्याच शास्त्राचा आधार नाही.

राहता राहिली झोप, जिचा मधुमेहाशी काही संबंध असेल असे बहुतेकांच्या स्वप्नातही येत नाही. शिकागोमध्ये ईव्ह व्हॅन कॉटर यांच्या गटाने १९९९ साली ११ निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा साखर हाताळण्याची त्यांची क्षमता लक्षणीयरीत्या घसरली. मधुमेहींमध्ये सहा तासांहून कमी आणि आठ तासांहून जास्त अशा दोन्ही टोकांच्या झोपेचा संबंध एचबीए१सी वाढण्याशी, म्हणजे घरगुती भाषेत ‘तीन महिन्यांची साखर’ वाढण्याशी, दिसून आला आहे. आणि आठवडाभर जागून रविवारी मटणावर ताणून दिल्याने ही तूट भरून निघत नाही. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण मानण्याची प्रथाही सोडून द्यावी लागेल. मोठ्याने घोरता घोरता मध्येच श्वास थांबून पुन्हा दचकून सुरू होत असेल तर तो झोपेतील श्वासरोध असू शकतो. त्यात घशाची वाट बंद पडून झोप रात्रभर तुटत राहते आणि टाइप-२ मधुमेहींमध्ये तो पुष्कळ आढळतो. याचे साक्षीदार नेहमी शेजारी झोपणारेच असल्याने डॉक्टरांकडे रोग्याऐवजी त्यांची जबानी नोंदवावी हे उत्तम.

पहाटेच्या साखरेविषयी घरोघरी जे खटले चालतात त्यांतही आरोपीला संशयाचा फायदा द्यायला हवा. पहाटे शरीरातील काही संप्रेरकांची, म्हणजे ग्रंथींनी रक्तात सोडलेल्या द्रव्यांची, पातळी वाढते, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि रात्री काही न खाताही सकाळचा आकडा चढा येऊ शकतो. तेव्हा केवळ त्या आकड्यावरून बेसनाच्या लाडवांचा डबा तपासणे न्याय्य नाही, जरी डबा तपासल्यावर काही वेळा गुन्हा सिद्ध होतो हेही नाकारता येत नाही.

या सर्वांत अधिक विचित्र स्थिती कर्तव्यदक्ष मधुमेहीची होते. तो साडेनऊला जेवतो, जेवून बसतो, बसून मालिका आणि मालिकेनंतर मोबाइल पाहतो, साडेबाराला झोपतो आणि पाचचा गजर लावून चालायला निघतो. म्हणजे साडेचार तासांच्या झोपेची किंमत मोजून अर्ध्या तासाचे चालणे विकत घेतो आणि मग दिवसभर पेंगत खुर्चीत बसून राहतो. याने पहाटेच्या फेऱ्यासाठी जीव टाकण्यापेक्षा अकराच्या आत झोपून सावकाश उठावे, आणि चालण्याचा काही भाग रात्रीच्या जेवणानंतर उरकून घ्यावा, हे अधिक शहाणपणाचे ठरेल.

एक खबरदारी मात्र काहींनी घ्यायलाच हवी. जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या, साखर झपाट्याने उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांची साखर व्यायामाने एकाएकी फार खाली जाऊन घाम सुटणे, हात थरथरणे, भोवळ येणे असे प्रकार होऊ शकतात. त्यांनी नवा व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करावा आणि चालायला निघताना खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. मधुमेही माणसाच्या खिशात साखर सापडल्यास घरच्यांनी त्यास चोरी समजू नये. ती अधिकृत वैद्यकीय तरतूद आहे. महिन्याकाठी किती पुड्या लागल्या याची नोंद ठेवण्यास मात्र कोणाचीच हरकत असू नये.